अकीकाच्या चकतीला तांब्याचं कोंदण: फॉइल आणि सोल्डरने पहिली लटकन

अकीकाची पातळ चकती उजेडासमोर धरली की तिच्यातली वलयं जागी होतात. कडेला राखाडी, आत दुधी, मग मधाच्या रंगाचा एखादा पट्टा आणि अगदी मध्यभागी साखरेसारख्या बारीक स्फटिकांची खोबण. अशी चकती पेपरवेट म्हणून टेबलावर पडून राहावी हे मला पटत नाही. तिची जागा खिडकीत. भोक पाडून ती टांगता येते, पण त्यासाठी हिऱ्याचं ड्रिल, सतत पाण्याची धार आणि बराच सराव लागतो. शिवाय भोकापासून तडा जाण्याची धास्ती असतेच. त्यापेक्षा कडेभोवती तांब्याची फॉइल, म्हणजे मागे डिंक असलेली पातळ पट्टी, लावून तिच्यावर सोल्डर, म्हणजे सहज वितळणारं कथलाचं मिश्रण, चढवणं सोपं, आणि दिसायलाही देखणं.

सोल्डरिंग आयर्न कधीच हातात न धरलेल्यांसाठी हे लिहितो आहे. आपण एकच लटकन पहिल्यापासून शेवटपर्यंत करू, आणि जाता जाता दोन चकत्या जोडण्याचंही बघू.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की बसवा, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे: सोल्डर दगडाला चिकटत नाही. वितळलेलं कथील तांब्याला धरतं, दोन्ही धातू एकमेकांत थोडे मिसळतात आणि सांधा तयार होतो. दगडावरून मात्र ते पाऱ्यासारखं घरंगळून जातं. मग चकती टिकते कशाने? फॉइल कडेवरून दोन्ही अंगांना थोडी थोडी वळवलेली असते, पन्हळीसारखी. त्या पन्हळीवर सोल्डर चढून कडक झालं की चकती तिच्यात अडकून बसते. सोनार खडा कोंदणात बसवतो, तोच प्रकार. फॉइलच्या मागचा डिंक काम चालू असेपर्यंत फॉइल जागेवर ठेवतो, एवढीच त्याची नोकरी. उष्णतेने तो मऊ पडतो. कायमचा भार पेलायचा आहे तो कोंदणाने.

ही पद्धत मुळात रंगीत काचेची. न्यूयॉर्कच्या लुई कम्फर्ट टिफनीच्या कार्यशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेचे हजारो लहान तुकडे तांब्याच्या पट्टीने जोडून दिव्यांच्या छत्र्या तयार होऊ लागल्या, म्हणून तिला आजही टिफनी पद्धत म्हणतात. तिथल्या काही दिव्यांत काचेच्या सोबतीला खऱ्या गारगोट्याही बसवलेल्या आहेत. तेव्हा दगडाला कोंदण घालण्यात आपण काही नवं करत नाही.

पण काचेवरचे धडे दगडाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. दगड उष्णता पितो. अकीक म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांचा क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झमधून उष्णता काचेच्या कितीतरी पट वेगाने पसरते. आयर्न टेकवलं की उष्णता फॉइलमध्ये न थांबता चकतीत शिरते. दुसरं म्हणजे वजन. रंगीत काच बहुधा ३ मिमी जाडीची, तर चकती ५-६ मिमीची. १० सेंमी लांब, ८ सेंमी रुंद आणि ५ मिमी जाड लंबगोल चकती ८० ग्रॅमच्या आसपास भरते. हे दोन फरक लक्षात ठेवले तर पुढे अडत नाही.

दगड निवडताना

पहिल्या कामाला अकीकच घ्या. काठिण्य मोह्सच्या दहा अंकी मापावर साडेसहा-सात, आम्लाला दाद न देणारा आणि बेताच्या उष्णतेला टिकणारा. जास्पर, स्फटिक, जमुनिया हेही चालतात, कारण सगळे क्वार्ट्झच्या घरातले. मॅलकाइट, संगमरवर, कॅल्साइट, फिरोजा, ओपल, जिप्सम आणि फ्लोराइट यांच्या वाट्याला जाऊ नका. मॅलकाइट आणि कॅल्साइट हे कार्बोनेट, फ्लक्समधल्या (सोल्डर धातूला धरावं म्हणून आधी लावायच्या रसायनातल्या) आम्लाने त्यांचा पृष्ठभाग खाल्ला जातो. ओपल आणि जिप्सममध्ये पाणी असतं. तापवलं की एकाला तडे जातात, दुसरा पांढरा पडतो. फ्लोराइट तर उष्णतेच्या धक्क्याने थरांवर उलतो. दगड नक्की कोणता हे कळत नसेल तर मागच्या बाजूला कडेला व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर तो दगड बाजूला ठेवा. काही अकीकांच्या पोटातही कॅल्साइट असतं, म्हणून मधल्या भागाचीही तशीच परीक्षा घ्या.

यानंतरची परीक्षा तड्यांची. माझी पहिली चकती अशीच गेली. तिच्यात एक केसाएवढी रेघ होती. मला ती वलयांचाच भाग वाटली, आवडलीही होती. अर्धी कड सोल्डर करून झाली आणि बारीकसा 'टक्' आवाज आला. आयर्न खाली ठेवून पाहिलं तर त्याच रेघेवर चकतीचे दोन भाग झाले होते. तेव्हापासून मी प्रत्येक चकतीच्या मागे टॉर्च धरतो आणि ती सावकाश फिरवतो. वलयं कडेला समांतर वळतात. तडा वलयांना कापत आडवा जातो आणि चकती फिरवताना एका विशिष्ट कोनात आरशासारखा चमकतो. मग चकती दोन बोटांत सैल धरून पेन्सिलीने हलकेच टिचकी मारायची. अखंड चकतीचा आवाज खणखणीत येतो, तडकलेलीचा बद्द.

रंगाचंही बघून घ्या. गडद निळ्या, गुलाबी, जांभळ्या, पोपटी चकत्या जवळजवळ नेहमी रंगवलेल्या असतात. त्यात वाईट काही नाही, पण झगझगीत गुलाबी-जांभळे रंग बऱ्याचदा उन्हात फिके पडतात, आणि आपली लटकन राहणार खिडकीत. राखाडी, तपकिरी, नारिंगी अशा नैसर्गिक छटांना ती काळजी नाही.

काय काय लागेल

फॉइलची रुंदी चकतीच्या जाडीवर ठरते. यंत्रावर कापलेली चकतीही सगळीकडे सारखी जाड नसते, एका टोकाला ४ मिमी तर दुसऱ्या टोकाला ६ असं सर्रास आढळतं. व्हर्नियरने पाच-सहा ठिकाणी मोजा आणि सगळ्यात जाड आकडा धरा. त्यात ३ ते ४ मिमी मिळवा, म्हणजे दोन्ही अंगांना दीड ते दोन मिमी वळण मिळेल. काचेला मिलिमीटरभर वळण पुरतं, पण दगडाच्या वजनाला ते अपुरं आहे. फॉइल इंचाच्या मापात मिळते: पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, पाच सोळांश म्हणजे ८, तीन अष्टमांश म्हणजे साडेनऊ आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. साधारण ५-६ मिमीच्या चकतीला साडेनऊवाली घ्या. जाडी दीड मिल, म्हणजे सुमारे ०.०४ मिमी, असलेली मिळाली तर उत्तम. पातळ फॉइल दगडाच्या खडबडीत कडेवर फाटते.

फॉइलची चिकट बाजू तांबडी, चंदेरी किंवा काळी असते. अकीक अर्धपारदर्शक असल्याने ही मागची बाजू कडेतून आत डोकावते. लटकनीला शेवटी काळी झाक द्यायची असेल तर काळी, सोल्डर चंदेरीच ठेवायचं असेल तर चंदेरी.

सोल्डर भरीव तारेचं घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाची बारीक तार, जिच्या पोटात राळ असते, ती इथे नको. राळ उडते आणि दगडावर चिकट तपकिरी डाग सोडते. ६०/४० म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं. हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळतं, त्यामुळे हाताळायला सगळ्यात सोपं. ५०/५० ला पूर्ण वितळायला २१० च्या वर जावं लागतं. शिसं नसलेलं सोल्डर बहुतांश कथील असून त्यात थोडं तांबं किंवा चांदी असते, ते मिश्रणाप्रमाणे २१७ ते २२७ अंशांना वितळतं. ते थोडं हट्टी असतं आणि ६०/४० इतकं आपसूक गुळगुळीत होत नाही. तरीही माझं मत स्पष्ट आहे: घरात लहान मूल असेल, कुणी गरोदर असेल किंवा वस्तू गळ्यात घालायची असेल तर शिसं नसलेलंच वापरा. चार तुकड्यांवर हात बसवला की तेही वळणावर येतं.

आयर्न ८० ते १०० वॅटचं, तापमान ठरवता येणारं आणि ५-६ मिमी रुंद छिन्नीसारख्या टोकाचं हवं. रेडिओ दुरुस्तीचं २५ वॅटचं आयर्न घेऊन बसलात तर दगड त्याची सगळी ऊब पिऊन टाकेल आणि सोल्डरचे नुसते गोळे जमतील. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

याशिवाय झिंक क्लोराइडचा जेल फ्लक्स आणि त्यासाठी स्वस्तातला ब्रश, आयर्नचं टोक पुसायला पितळी तारेची घासणी, १८ किंवा २० गेजची उघडी तांब्याची तार, फॉइल दाबायला लाकडी पट्टी, धारदार कटर, आणि खाली घालायला सिरॅमिक टाइल किंवा सिमेंट बोर्ड.

कड घासणं आणि धुणं

चकतीची बाहेरची साल खडबडीत असते, खड्ड्याखड्ड्यांची. ती पूर्ण काढू नका, तिच्यातच चकतीचा नैसर्गिक आकार आहे. पण सुटे कण, टोकेरी कंगोरे आणि पापुद्रे जायला हवेत, नाहीतर फॉइल त्यांच्यावर तंबूसारखी ताणून राहते. हिऱ्याची हातघासणी, सुमारे १२० ग्रिटची, कडेवरून फिरवा आणि दोन्ही अंगांच्या धारदार कडा किंचित बोथट करा.

हे सगळं ओलं करायचं. चकती आणि घासणी दोन्ही पाण्यात बुडवत राहा. अकीकाची कोरडी धूळ म्हणजे सिलिका, आणि सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात कायमची इजा करते. सिलिकोसिस बरा होत नाही. ओलं घासलं की धूळ उडतच नाही. खाली साचलेला चिखलही ओला असतानाच पुसून घ्या, वाळू देऊ नका.

पुष्कळ चकत्या तेलाची धार सोडून कापलेल्या असतात आणि ते तेल दगडाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. डिंकाचा हा सगळ्यात मोठा शत्रू. कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून चकती रात्रभर भिजत ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने कड घासून स्वच्छ पाण्याने धुवा आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. हा दिवस वाचवायला जाऊ नका. छिद्रांत राहिलेलं पाणी आयर्नखाली वाफ होऊन फॉइल उचलतं. लावण्याआधी कडेवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. त्यानंतर कडेला बोट लावायचं नाही. रंगवलेल्या चकतीला अ‍ॅसिटोन लावू नका, रंग सुटतो.

फॉइल लावणं

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. सोल्डरमधली चूक पुन्हा तापवून दुरुस्त होते. फॉइल वाकडी लागली तर शेवटपर्यंत वाकडीच दिसते.

चकती उभी धरा, कड तुमच्याकडे. पट्टीच्या मागचा कागद ५-६ सेंमीच सोलायचा, एकदम सगळा नाही. सुरुवात अशा जागी करा जिथे कड सरळ किंवा बाहेर फुगलेली आहे, आणि जी जागा लटकनीच्या वरच्या टोकाला येणार नाही. पट्टी बरोबर मध्यावर ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी बाहेर राहील. बोटाने हलकेच दाबत, चकती फिरवत पुढे जा. पट्टी ओढू नका, चकतीच पट्टीवर चालवत न्या. जाडी कमी-जास्त होते तिथे वळणही कमी-जास्त होईल, ते नंतर कापून सारखं करता येतं. मध्य मात्र सोडू नका. पूर्ण फेरी झाली की सुरुवातीवर ६-७ मिमी चढवून कापा.

आता बाहेर राहिलेली फॉइल दोन्ही अंगांवर वळवायची. फुगीर भागावर तिला बारीक चुण्या पडतात. त्या लाकडी पट्टीने कडेकडून आत अशा दाबल्या की सपाट होतात. आत वळलेल्या, खोलगट भागावर उलट होतं. तिथे फॉइलला ताण बसतो आणि ती फाटते. बोटाच्या पेराने अगदी थोडं थोडं, तीन-चार दमांत वळवा. तरीही फाटली तर घाबरू नका, फाटलेल्या जागी फॉइलचा छोटा तुकडा आडवा लावा आणि दाबा. सोल्डरखाली तो दिसणार नाही.

मग घोटणं. लाकडी पट्टीने आधी कड, मग एक अंग, मग दुसरं, आणि परत कड. दगडाचा प्रत्येक खळगा फॉइलमधून उमटून दिसेपर्यंत घोटायचं. माझी खूण अशी: नखाने फॉइलच्या आतल्या काठावर हलकेच खरवडून बघतो. नख घसरून गेलं तर फॉइल बसली, अडकलं तर तिथे अजून घोटायचं. कारण साधं आहे. जिथे फॉइल उचललेली आहे तिथे फ्लक्स आत शिरेल, उकळेल आणि फुगा आणेल.

शेवटी कटरने दोन्ही अंगांवरच्या आतल्या काठाची रेषा सारखी करून घ्या. कटर दगडावर टेकवून एका दमात ओढायचा, पण दीड मिमीपेक्षा कमी वळण कुठेही ठेवायचं नाही.

आयर्न हातात घेण्याआधी

खिडक्या उघडा आणि पंखा असा ठेवा की धूर तुमच्या तोंडापासून दूर ओढला जाईल. या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. त्रास देतो तो फ्लक्सचा धूर. घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात. शिसं पोटात जातं ते हातांवरून. म्हणून कामाच्या टेबलावर खाणंपिणं नाही, आणि उठताना साबणाने हात धुणं ठरलेलं. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण फ्लक्सचे थेंब उडतात.

आयर्न ६०/४० साठी ३७० अंशांच्या आसपास ठेवा, शिसं नसलेल्यासाठी ४०० च्या जवळ. तापलं की टोकावर थोडं सोल्डर वितळवा, म्हणजे टोक चंदेरी राहील. टोक काळं पडलं की उष्णता पुढे जात नाही. पितळी घासणीत खुपसून लगेच पुन्हा सोल्डर लावा. फारच काळं झालं तर नवसागराच्या वडीवर घासा, मात्र त्याचा धूर नाकात जाऊ देऊ नका. कानस कधीही लावायची नाही, टोकावरचा लोखंडाचा मुलामा गेला की टोक संपलंच.

चकती थंडगार असेल तर तिला थोडी ऊब द्या. हेअर ड्रायर दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं फिरवला की पुरे, हाताला कोमट लागेल इतकीच. एका जागी अचानक तापणं आणि बाकी दगड गार असणं, यातूनच तडे जातात.

आधी कल्हई, मग मणी

सोल्डर दोन फेऱ्यांत चढतं. पहिली फेरी कल्हईची, म्हणजे सगळ्या फॉइलवर कथलाचा पातळ थर. ब्रशने फॉइलवर फ्लक्स लावा, चमक दिसेल इतकाच. मध्ये स्फटिकांची खोबण असेल तर ब्रश निथळून घ्या. त्या खाचांत गेलेला फ्लक्स काढताना नाकी नऊ येतात.

चकती टाइलवर आडवी ठेवा. डाव्या हातात सोल्डरची तार, उजव्यात आयर्न. टोकाची सपाट बाजू फॉइलवर टेकवा आणि तार टोकाला लावा. आता नीट बघा. आधी फ्लक्स चुरचुरतो. सोल्डरचा थेंब क्षणभर राखाडी, फुगीर, जागच्या जागी बसून राहतो. दगड ऊब पितो आहे. दोनेक सेकंदांनी तोच थेंब एकाएकी आरशासारखा उजळतो, त्याचा काठ पसरतो आणि तांबडी फॉइल त्याच्याखाली पांढरी होत जाते. तो क्षण आला की आयर्न पुढे सरकवा. त्याआधी सरकवलं तर गोळे राहतात, आणि त्यानंतर रेंगाळलं तर डिंक जळून फॉइल सुटते. हा क्षण ओळखता आला की निम्मं काम आलं.

एका दमात गोल फिरू नका. तीन-चार सेंमी झालं की समोरच्या बाजूला जा, मग उरलेल्या दोन बाजूंना. गाडीच्या चाकाचे नट समोरासमोर आवळतात तसं. अशाने ऊब चकतीभर वाटली जाते. एक अंग झालं की चकती गार होऊ द्या आणि मग उलटा. तापलेली चकती पाण्यात कधीही बुडवायची नाही, ओल्या फडक्यावरही ठेवायची नाही. शेवटी ती जाड कापडात उभी धरून कड पांढरी करा.

दुसरी फेरी मण्याची. कोंदणाला ताकद देणारा फुगीर, गोलसर काठ इथे तयार होतो. नुसत्या कल्हईचं कोंदण वाकतं, म्हणून ही फेरी टाळू नका. पुन्हा थोडा फ्लक्स लावा आणि या वेळी आयर्न न घासता, सोल्डरच्या पृष्ठभागावर टेकवत-उचलत चला. सोल्डर जरा जास्त द्या, स्वतःच्या ताणाने ते गोल होतं. कडेवर काम करताना जिथे आयर्न आहे तो भाग पूर्ण आडवा असायला हवा. सोल्डर पाण्यासारखं उताराकडे धावतं, म्हणून चकती सतत फिरवत राहा.

बारीक छिद्रं दिसली तर फ्लक्स जास्त झाला आहे. टोकदार शेंड्या आल्या तर आयर्न गार आहे किंवा तुम्ही ते ओढत उचलता आहात. सरळ वर उचला. एखादी जागा मनासारखी होत नसेल तर तिथेच घोटाळू नका, पाच मिनिटं सोडून द्या. मी एकाच जागेवर हट्टाने फिरत राहिलो तेव्हा दर वेळी फॉइल गमावली आहे.

कडी: इथे घाई नाही

पुष्कळ जण तयार कडी वरच्या टोकाला एका थेंबाने चिकटवून मोकळे होतात. काचेच्या छोट्या तुकड्याला ते कदाचित चालेल. दगडाचा भार त्या एका जागी फॉइलला वर उचलत राहतो, आणि फॉइल दगडाला चिकटलेली नाही हे आपण पाहिलंच. काही महिन्यांनी ती सोलली जाते आणि चकती खाली येते.

म्हणून तार पूर्ण कडेभोवती फिरवा. चकतीच्या परिघापेक्षा ८-१० सेंमी जास्त तार घ्या आणि पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. तिचा मध्य चकतीच्या तळाशी ठेवून दोन्ही टोकं कडेच्या मध्यावरून वर आणा. वर दोन्हींना तीन-चार पीळ द्या आणि उरलेल्या तारेची कडी वळवा. फ्लक्स लावून आधी चार ठिकाणी सोल्डरच्या थेंबाचे टाके द्या, मग सगळी तार सोल्डरखाली जाऊ द्या. पिळांमध्येही सोल्डर भरू द्या. आता भार तळापासून उचलला जातो, चकती जणू झोळीत बसते. हे खरं तर मण्याच्या फेरीआधी केलं तर तार पूर्ण झाकली जाते, पण पहिल्या वेळी कडेचा अंदाज नसतो, म्हणून मी ते नंतर सांगतो.

कडी जागेवर आली का हे आधीच तपासा. चकती दोन बोटांच्या चिमटीत वरच्या टोकाला सैल धरा. ती जशी स्थिरावते तशीच लटकणार. जड बाजू एकीकडे झुकत असेल तर धरायची जागा बदलून बघा आणि योग्य जागी मार्करने खूण करा.

धुणं, काळी झाक आणि मेण

चकती पूर्ण गार झाल्यावर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून तिच्यात बुडवा, म्हणजे फ्लक्समधलं आम्ल मरतं. मग लिक्विड आणि टूथब्रशने दोन्ही अंगं, कड, पिळांच्या खाचा, मधली खोबण, सगळं घासा. धुवा आणि पुन्हा एकदा घासा. फ्लक्स राहिला तर काही आठवड्यांत सोल्डरवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसायला लागते, आणि ती काढताना झिलईही जाते.

सोल्डर चंदेरी ठेवायचं नसेल तर काळं पॅटिना, म्हणजे धातूचा रंग बदलणारं द्रावण, लावा. हातमोजे घाला, कारण ही रसायनं विषारी आहेत. सोल्डर आधी बारीक स्टील वूलने उजळा, कापसाच्या बोळ्याने पॅटिना लावा, काळं झालं की लगेच भरपूर पाण्याने धुवा. तांबूस छटा हवी असेल तर कॉपर सल्फेटचं पॅटिना मिळतं. राखाडी अकीकाला काळी कड फार शोभते, मधाळ रंगाला तांबूस. शेवटी मेणाचा पातळ हात, दहा मिनिटांनी मऊ कापडाने चमक.

टांगायला साखळी किंवा पीळदार तार वापरा. दोरा उन्हाने कुजतो.

दोन चकत्या जोडायच्या असतील तर

दोन चकत्यांच्या कडा कधीच एकमेकींशी जुळत नाहीत, आणि जुळवण्यासाठी त्या घासून सरळ करणं मला आवडत नाही. दोन्हींना आधी वेगवेगळं फॉइल आणि कल्हई करून घ्या. मग टाइलवर शेजारी ठेवून फिरवत राहा, निदान दोन ठिकाणी त्या टेकतील अशी जागा सापडतेच. तिथे टाके द्या. मधल्या फटी २ मिमीपर्यंत असतील तर टाइलवर खालून ओला टिश्यू दाबून वरून सोल्डर भरता येतं. ओलाव्याने ते खाली गळत नाही. मात्र टिश्यू फटीच्या पट्टीपुरताच ठेवा, तापल्या दगडाला त्याचा गारवा लागता कामा नये. फट त्याहून मोठी असेल तर ती भरू नका. तिथे तांब्याच्या तारेची वेलबुट्टी वळवून दोन्ही कडांना जोडा, उजेड तिच्यातूनही येऊ द्या. आणि झोळीची तार अशा वेळी दोन्ही चकत्यांच्या बाहेरून एकच फिरवा, मधल्या सांध्यावर भार टाकू नका.